पायरीवरच्या हिरव्या काचा

आई,

कट्, कट्. दगडावर काचेची बांगडी फुटते तेव्हा मोठा आवाज होत नाही, वर्गात पाटीवरची पेन्सिल मोडावी तेवढाच होतो. आपल्या चर्चचं बायकांकडचं दार, तुझ्या मुठीत तुझ्याच लेकीचं, अक्काचं मनगट, आणि मागं महिला मंडळाच्या बायका, पांढऱ्या लुगड्यांना कडक खळ दिलेली, पदर डोक्यावरून घट्ट. एकीनंही हात पुढं केला नाही.

आज सकाळी त्याच मंडळाच्या पोरी आल्या होत्या. "काका, वर्धापनदिनाला तुमच्या आईंवर दोन पानं लिहा ना. तो पांढरा पोशाख, ती शिस्त, आताच्या मुलींना कळू दे." तुझा फोटोही घेऊन गेल्या. मी कौतुकानं लिहायला बसलो, आणि 'शिस्त' हा शब्द कागदावर उतरला तसं डोकंच फिरलं. आता ती दोन पानं जाऊ देत चुलीत. हे तुलाच लिहितोय.

कसली शिस्त गं? बाप्तिस्म्यानंतर तू कुंकू पुसलंस, तेव्हा गावच्या विहिरीवर बायका तुला काय म्हणायच्या? "धनी जिता हाय ना तुझा? मग पांढरं कपाळ घेऊन आमच्या आडवी कामून येती?" रिकामी घागर घेऊन तू रडत घरी यायचीस. भाकरी थापता थापता तूच सांगितलंस हे आम्हाला, आणि वर म्हणालीस, "प्रभूनं बाईच्या कपाळावरचा शिक्का पुसला, बाळांनो." शाळेतल्या कवितेसारखं ते वाक्य मी पाठ केलं होतं. अजून येतं.

आणि मग तोच शिक्का तू अक्काच्या हातावर मारलास. तिचा नवरा, लासूर स्टेशनला रेल्वेत होता बिचारा, तापानं गेला. तिसऱ्या महिन्यात, प्रभुभोजनाच्या रविवारी, ती त्यानं भरलेल्या हिरव्या बांगड्या तशाच घालून आली. तू दारातच आडवी.

"हे उतरवून ये."

"नाय उतरवणार. त्यांनी भरल्यात."

"पाळकीणबाई बघतायत. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंजे त्या विहिरीवरच्याच ना गं?"

तू तिचं मनगट धरलंस आणि हात पायरीवर आपटलास. रक्त आलं. तू पदर सारखा केलास, आत गेलीस आणि त्याच हातानं भाकर घेतलीस, प्याला घेतलास! कुंकू पुसणं हा नवा विश्वास, मग बांगड्या फोडणं कुठल्या शुभवर्तमानात वाचलं होतंस? अक्का त्याच संध्याकाळी जालन्याला गेली, नर्स झाली. पुन्हा आपल्या उंबऱ्यात आली नाही. तुझ्या मातीलाही नाही. बरं केलं.

आणि मी? मॅट्रिकला बसलेला घोडा, फाटकाशी उभा राहून वृत्ताचे गण मोजत होतो, म स ज स त त ग, म्हणजे दुसरं काही ऐकू येऊ नये. तू माझ्या हातात झाडू दिलास. "झाडून घे, कुणाच्या पायात जाईल." मी झाडली पायरी. कोपरे धरून, स्वच्छ. अक्का फाटकातून गेली तेव्हा मान वर केली नाही. तिनं मला बघितलं की नाही, हे साठ वर्षं मी कुणाला विचारलेलं नाही. तिला तर नाहीच.

दार वाजलं. मंडळातलीच कुणी असेल, पानं न्यायला. ही तर देणार नाही, आणि तुला तरी कुठं पाठवू? उघडंच आहे, म्हणून ओरडलो टेबलावरूनच.

आई, अक्का आहे. मुकुंदवाडी स्टेशनवर उतरून काठी टेकत आलीय, एकटी. मनगटभर हिरव्या बांगड्या. उंबऱ्याबाहेर थांबलीय, खाली, सकाळी मी झाडलेल्या पायरीकडं बघतेय.

"लख्ख झाडली रे," म्हणतेय. "हात बसलाय तुझा."