उजवं इंजिन आणि तुमची विद्यार्थिनी

तीर्थरूप दाजी,

साष्टांग नमस्कार (रागातला आहे, तरी साष्टांगच समजावा). इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? ताईची गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हा वाद मिटला का? मिटला नसेल तर मिटवू नका, तेवढ्यावर तरी तुम्ही दोघं बोलता.

आता मुद्द्याचं. मंगळवारी तुम्ही घडवलेली ती मुलगी माझी को-पायलट होती. तिच्याविषयीचा शेरा मला सोमवारपर्यंत कचेरीत द्यायचा होता आणि तिची नोकरी पक्की व्हायची की तिने घरी बसायचं, ते त्यावरच ठरणार. तुम्ही फोनवर म्हणालात, “जरा सांभाळून लिही.” सांभाळून कशाला? आधी ऐका तरी.

सकाळची वेळ, आभाळ स्वच्छ, मागे एकशे ब्याऐंशी माणसं. विमान ती चालवत होती, मी रेडिओ आणि बाकीचं बघत होतो. चार हजार फुटांवर उजव्या इंजिनात धाडकन आवाज झाला, विमान थरथरलं आणि आगीची घंटा कोकलायला लागली. अशा वेळी बिघडलेल्या इंजिनाचं इंधन तोडायचं, हे एकतीस वर्षांपूर्वी तुम्हीच मला कान उपटून शिकवलंत. मी तत्काळ स्विचकडे हात नेला. तर या बाईसाहेबांनी एका हाताने विमान सांभाळत दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि विचारलं, “सर, कोणतं?” एकदा नाही, तीनदा. तिच्या जन्माआधीपासून मी विमानं उडवतोय (ती सत्तावीसची आहे, मी फाईल पाहिली) आणि ही मला फळ्यापुढे उभं करून विचारतेय. मोठ्या माणसाचा हात असा धरतात? एकदाचं तिचं समाधान झालं, मग इंधन तोडलं, आग विझवायचं हँडल ओढलं, घंटा गप्प झाली. तर म्हणते, आता आणीबाणीची यादी वाचू या. ओळ न् ओळ माझ्याकडून वाचून घेतली. मी “झालं” म्हटल्याशिवाय पुढे सरकायला तयार नाही.

तेवढ्यात केबिनमधून फोन. चौदाव्या रांगेतले एक गृहस्थ विचारतात, एक बंद पडलंच आहे तर दुसऱ्याचंही एकदा बघून घेता का. (घेतो म्हणावं, बाहेर जाऊन बॉनेट उघडतो.) परत वळून विमान मीच उतरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि विमान थांबायच्या आत उभं राहून बॅगा काढायला सुरुवात केली. कचेरीतल्या साहेबांनी हातात फॉर्म ठेवला. त्यात ‘घटनेचे वर्णन’ याला दोन ओळी आणि ‘गणवेशाची स्थिती’ याला पाच. डोकं फिरायची वेळ आली. या सगळ्याचं मूळ तुमची शिकवण आहे, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

ताईला नमस्कार.

तुमचा, आणि तुमच्यावरच चिडलेला,
धाकटा मेहुणा

ता. क. एक सांगायचं राहिलं. माझा हात डाव्या इंजिनाच्या स्विचवर होता. म्हणजे चांगल्या. पहिल्या दोन्ही वेळा मी तिला “डावं” असंच ठणकावून सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा समोरच्या काट्यांकडे पाहिलं.

ता. क. २. तिने तिच्या अहवालात ‘दोघांनी खात्री करून उजवे इंजिन बंद केले’ एवढंच लिहिलं. माझी लाज राखायला. खरा संताप याचा आहे, दाजी, तीन दिवस घास उतरत नाही. आज सकाळी कचेरीत जाऊन मी खरं ते लिहून दिलं, आणि तिला पक्की करा, असंही. आता तुमच्या त्या नकली कॉकपिटमध्ये पुन्हा परीक्षा पास होईपर्यंत माझं उडणं बंद आहे.

ता. क. ३. बुधवारी शिकायला येतोय. ताईला कळू देऊ नका. आणि शेजारच्या खुर्चीत तिलाच बसवा. तुमच्याकडची बाकीची पोरं मला घाबरतात.