आठ फुटी भिंत, अठरा फुटी छत

४ जानेवारी
खोकी उघडायची पडली आहेत आणि नवरा छताकडे बघत उभा आहे. अठरा फूट! जुन्या गोदामात फ्लॅट काढले, त्यातला हा एक आमचा. आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी तो "वर बघा" म्हणतो. लोक वर बघतात. काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून "वा" म्हणतात. आज कुरिअरवाल्यालाही सोडलं नाही.

७ जानेवारी
डेकोरेटर बाई आल्या. त्यांच्या मते उंची भरायची नसते, तिला श्वास घेऊ द्यायचा असतो. म्हणून दोन बेडरूममधली भिंत फक्त आठ फूट—वरचे दहा फूट मोकळे!
"आणि बोलणं पलीकडे ऐकू जाईल त्याचं काय?" मी विचारलं.
"आवाज वर जातो. पलीकडे जात नाही."
नवऱ्याने लगेच मान डोलावली. नोकरी बँकेत, आवाजातलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण मान डोलावण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

१५ जानेवारी
सासरे आले. बरोबर एक ट्रंक आणि शिलाई मशीन. चाळीस वर्षं टेलरिंग केलं, आता दुकान बंद. दोन महिने इथे राहून बघणार. रुचलं तर कायमचे, नाहीतर नणंदेकडे. तिने तर खोली रंगवूनसुद्धा ठेवली आहे.
नवऱ्याने त्यांनाही वर बघायला लावलं. बाबांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "कापड फार सोडलंय रे वर."
मला इतकं हसू आलं की स्वयंपाकघरात पळावं लागलं.

१९ जानेवारी
सकाळी सहाला पलीकडच्या खोलीतून बाबांचं खाकरणं सुरू. वर न जाता थेट माझ्या उशीवर! बाईंना फोन केला. म्हणाल्या, खाकरणं जड असतं म्हणून खाली राहतं, बोलणं हलकं असतं. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात कोण जाणे.
संध्याकाळी बेडरूमचं दार लावून फोनवर धाकट्या बहिणीपाशी सगळं ओकले. बरं वाटलं.

२२ जानेवारी
चमत्कार! तीन दिवस झाले, बाबा खाकरायला बाल्कनीत जातात. जाताना दारसुद्धा ओढून घेतात. नवरा म्हणतो, उंच छताखाली माणूस मवाळ होतो, बाईंनी सांगितलंच होतं.

२८ जानेवारी
पडदे लागले. सोळा फूट लांब, आणि फॅशन अशी की खाली हातभर जमिनीवर लोळले पाहिजेत. दोनदा पाय अडकला. एकदा हातात चहा होता. ते पडदे सरकवायला दोन माणसं लागतात, म्हणून ते सरकवायचेच नाहीत असं ठरलं. दिवसा दिवे लावून बसतो. त्यातलाही एक गेला आहे. तो बदलायला अग्निशमन दल बोलवावं लागेल.
धाकटीला म्हटलं, "या पडद्यात पाय अडकून मरणार मी एक दिवस." नवऱ्याला नाही म्हटलं. त्याला वाईट वाटतं.

३० जानेवारी
ऑफिसातून आले तर सगळे पडदे जमिनीपासून बरोबर एक बोट वर! बाबांनी दिवसभर बसून टिपा घातल्या.
"तुम्हाला कसं कळलं?"
"शिंप्याला दिसतं ते," म्हणाले, आणि दोरा दाताने तोडला.
बाईंनी बघितलं. त्यांच्या मते उंच खोलीत कापड आपोआप स्थिरावतं.

९ फेब्रुवारी
मशीन बंद आहे. परवाच धाकटीला म्हटलं होतं की त्या खडखडीने डोकं उठतं. आता हाताने शिवत बसतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. विचारलं तर म्हणाले, "हातशिलाई टिकते."
गंमत म्हणजे घर फार शांत झालं आहे आणि ते मला आवडत नाही.

२१ फेब्रुवारी
हॉलमध्ये कुठे बसायचं हेच आम्हाला कळत नव्हतं. कुठेही बसा, स्टेशनवर गाडीची वाट बघतोय असं वाटायचं. बाबांनी खिडकीशी एक खुर्ची ओढली, शेजारी स्टूल, स्टुलावर टेबललॅम्प. आता आम्ही तिघं तिथेच असतो. अठरा फूट उंचीचा हॉल आणि संसार सहा फुटांच्या कोपऱ्यात. नवरा पण तिथेच पेपर वाचतो. वर बघायचं विसरला आहे.

२ मार्च
माझ्या जुन्या कुर्त्याची बाही त्यांनी न मागता बदलून ठेवली होती. घातला. इतका नीट बसलेला कपडा मी कित्येक वर्षांत घातला नव्हता. रडू आलं, उगाचच.
ठरलं. त्यांनी कायमचं इथेच राहावं असं मला वाटतं. नवऱ्याने सांगून उपयोग नाही, तो मुलगाच आहे. मीच म्हणायला हवं. रविवारी सवडीने, कोपऱ्यात बसून.

४ मार्च
धाकटीचा फोन. "काय गं, म्हातारबुवा आता कायमचे बसणार का तुझ्या डोक्यावर?"
मी म्हटलं, "छे गं! पंधरा तारखेची वाट बघतेय. दिवस मोजतेय अगदी."
का म्हटलं? दीड महिना तिच्यापाशी रडगाणं गायलं, आता कुठल्या तोंडाने सांगू की मला हा माणूस हवा आहे? ती हसली असती. रविवारनंतर सांगेन तिला.

६ मार्च
बाबांनी ट्रंक भरली आहे! नणंदेला स्वतःच कळवलं. उद्या सकाळची गाडी.
"अजून आठवडा आहे की," मी म्हटलं. "आणि मी तर रविवारी तुम्हाला सांगणारच होते, इथेच राहा म्हणून."
हसले. "तू चांगलीच आहेस गं." माझ्यावर विश्वास ठेवला नाही, हे दिसत होतं. का ते कळेना.
नवरा म्हणतो, त्यांना उंची मानवली नाही.

७ मार्च
गेले. स्टेशनच्या रिक्षात बसताना हळूच म्हणाले, "सूनबाई, ती भिंत तेवढी छतापर्यंत नेऊन घे. बाईमाणसाला आपल्या घरात मोकळेपणी बोलता आलं पाहिजे."
रिक्षा वळली आणि मी जिन्यातच बसले.