फ्यूज कोण उडवतंय

३ मे
न्हाई, ट्रॅक्टर इकायचा न्हाई. वायरिंग जुनं झालं म्हणून इंजिन जुनं होत न्हाई. उद्या कुणी इचारलंच तर हे लिहून ठेवलेलं बरं.
मोसंबीला टँकर घेऊन गेल्तो. येताना ओढ्याच्या चढावर जळका वास आला. मीटरचा काटा फटकन खाली, हॉर्न मुका. फ्यूज उडाला. डिझेलचं इंजिन, ते चालत राह्यलं. घरी बंद केलं तं मंग सेल्फ मारीना.
मागच्या बाजारी मंठ्याला गॅरेजवाल्या रफिकनं सगळं वायरिंग बघून दिल्तं. बघून दिलं का काही करून दिलं, ते आता बघावं लागंल.

५ मे
नवा फ्यूज. जाताना बराबर. येताना त्याच चढावर उडाला.
आता ट्रॅक्टर उतारावर लावतो, ढकलून चालू करतो. झाडं पिवळी पडून राह्यलीत, थांबून जमत न्हाई.
भावाच्या पोरानं, बापूनं, मधी पऱ्हाट्या आणायला ट्रॅक्टर नेल्ता. धरला त्याला. म्हणे, "आबा, म्या फकस्त गाणे ऐकले." टेपचं वायर बघितलं, उघडंच व्हतं. वायर काढून फेकलं. टेपबी फेकला.

८ मे
टेप न्हाई तरी उडाला. बापू सुटला. पुरता न्हाई, पण सुटला.
जेवताना माझी म्हातारी म्हणे, "गेल्या साली असं व्हत न्हवतं." बोलली मला, बघत व्हती चुलीकडं. चुलीपाशी सून, अश्विनी. आमच्या पोराची, गजाची बायको, यंदाच लगीन झालेलं. गजा अंकुशनगरला कारखान्यावर, रविवारचा येतो. म्हणून टँकरचा पाईप धरायला माझ्यासंगं तीच येती.
अश्विनी पाण्याला गेली तसं म्हातारी जवळ सरकली. "ती बसली का उडतो. पायगुण हाय."
मी म्हणालो, फ्यूजाला पाय दिसत न्हाईत.
पण मनात बघितलं. दर टायमाला ती व्हती. हे खरं.

९ मे
पायगुण मी मानत न्हाई. हात मानतो. ऊन लई, पोरगी बारावी शिकलेली, टँकरचं काम नको असंल तिला. एखादं वायर ओढलं का सुट्टी.
आज डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत गेलो. मीटरच्या बाजूला हात नेला न्हाई. डाव्या मडगार्डवर पार मागच्या टोकाला बसलेली, पदर डोक्यावर, तोंड तिकडं. आपण गाडी बघावी का तिला.
चढावर उडाला.

११ मे
मंठा. रफिकला सरळ इचारलं, तू मधी काही ठेवलं काय, गिऱ्हाईक परत यावं म्हणून?
त्यानं पक्कड खाली ठेवली. "काका, मेरेपे शक हाय ना? मंग घरीच बघा." एक बल्ब दिला, दोन वायरी लावलेला. फ्यूजच्या जागी हा लावायचा, बाकी सगळं बंद ठेवायचं. बल्ब थंडा तं लाईन साफ. बल्ब पेटला तं कुठंतरी वायर बॉडीला टेकलं. मंग एक एक वायर हलवत जायचं.
निघताना म्हणे, "चोर सापडला का फोन करा. म्या नसलो तरी करा."
बल्ब फुकट दिला. फुकट काऊन दिला, हे बी डोक्यात हाय.

१२ मे
म्हातारीनं मला न इचारता इवायाला, अश्विनीच्या बापाला, फोन केला. पेरणी होऊस्तर पोरीला घेऊन जा म्हणे. पेरणीला तिला शेतात पाय ठेवू द्यायचा न्हाई. गल्लीत बायांनाबी सांगून बसली, ट्रॅक्टर कशानं जळून राह्यला ते.
अश्विनी आतच व्हती. सगळं ऐकलं. रडली न्हाई. कपडे वाळत घातले, मंग पिशवी काढून भरायला बसली.
गजाला फोन लावला. "तुम्ही अन् मायनं बघून घ्या." हा एक.

१३ मे
सकाळीच अंगणात ट्रॅक्टर, फ्यूजच्या जागी बल्ब. थंडा. पुढच्या लाईटीचं वायर हलवलं, हॉर्नचं, डायनामोचं. थंडा. मागच्या दांडीवरच्या नांगरणीच्या लाईटीचं वायर मडगार्डखालून जातं, त्याला चावी बंद असली तरी करंट. तेबी खालून हलवलं. थंडा.
मंग माणसं बसवून बघितली. बापूला डाव्या मडगार्डवर बसवलं, दोन माणसाचा एक माणूस. पत्रा दबला. बल्ब थंडा.
म्हातारी म्हणे, मी बसते. चढवली. नेहमीसारखी पुढं बसली, माझ्या सीटाची पाठ धरून. थंडा.
"बगा. मी बसले, काय झालं? आता तुम्हीच समजा."
बापू हासला. मी म्हणालो, अश्विनीला बोलव. म्हातारी हालंना. मीच हाक मारली. लगीन झाल्यापासून तिला नावानं पह्यल्यांदा हाक मारली असंल.
आली. चढली. बसली.
बल्ब पेटला.
म्हातारी म्हणे, "घ्या. बल्बालाबी कळलं."
पोरगी खाली बघत व्हती. उतरायला लागली तशी मी म्हणालो, हालू नको. मागं जाऊन बघितलं. पार टोकाला बसली व्हती अन् नांगरणीच्या लाईटीची दांडी मुठीत घट्ट. म्हणालो, सोड. सोडली, बल्ब इझला. धर. पेटला. सोड, धर, सोड, धर.
दांडी ओढली का बुडातून फिरती. मडगार्डच्या भोकातला रबर कधीचा गेलेला, वायर पत्र्याला घासून उघडं पडलं. चढावर माणूस घट्ट धरतो, म्हणून चढावर. बापू अन् म्हातारी पुढं बसले, दांडीला हात लावलाच न्हाई.
मी इचारलं, तिथं काऊन धरती? पुढं बसावं, सीट धरावं.
तिनं दांडी सोडली. मंग म्हणे, "मामा, आत्याबाईंनीच सांगितलं व्हतं. पह्यल्याच दिवशी. मामाला चिटकून बसू नको, पार मागं बस, तोंड तिकडं कर."
म्हातारीला दूध आठवलं. आत गेली. दूध सकाळीच तापवून झाल्तं.
बापूला म्हणालो, हासायचं झालं असंल तं जाय.
पोरीला इचारलं, कधी काही जाणवलं न्हाई? म्हणे, "दांडी गरम लागायची. मला वाटलं ऊन हाय."
खरं असंल. का कळलं व्हतं अन् बोलली न्हाई? या घरात बोलून काय झालं असतं, तेबी हाय.

१४ मे
सायकलीच्या ट्यूबाचा तुकडा भोकात बसवला, वायरला पट्टी, दांडीचा बोल्ट आवळला. बल्ब काढून फ्यूज घातला. रफिकला फोन केला, वायर घासलं व्हतं. म्हणे, "मंग म्या सुटलो?" म्हणालो, सुटला. हासत बसला.
गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून मडगार्डला पुढच्या अंगाला लोखंडी कडी मारून घेतली. म्हातारी दारात. "आता काय सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसायची का?" म्हणालो, हो. लोकांना सांगायचं असंल तं हेबी सांग. ते पायगुणाचं सांगितलं तसं. आत गेली. सांगितलं काही न्हाई कुणाला.
इवायाला फोन केला, येऊ नका. ते म्हणे, "पोरीचं काय चुकलं व्हतं?"
"वायर घासलं व्हतं."
"वायरचा अन् पोरीचा काय संबंध?"
"काहीच न्हाई," मी म्हणालो.
मागून अश्विनी म्हणे, "मामा, बाबाला येऊ द्या." फोन चालूच व्हता. इवायांनीबी ऐकलं.

१६ मे
इवाई आले. चहा झाला. म्हातारीनं पोरीची ओटी भरली, जास्तच भरली. एकदा "पावसाच्या आधी" एवढं म्हणाली अन् तिथंच थांबली. पावसाच्या आधी काय, तिचं तिला ठाऊक.
फाट्यापत्तर गाडी न्हाई, ट्रॅक्टरच काढला. इवाई मागं ट्रॉलीत. अश्विनी पिशवी घेऊन आली, थांबली, मंग पुढं चढली. माझ्या बाजूला. कडी धरून बसली, तोंड रस्त्याकडं. गल्लीतल्या बाया बघत व्हत्या. म्हातारीबी बघत व्हती.
चढ आला. मी मीटरकडं बघितलं, तीबी बघत व्हती. काटा जागेवर.
एस.टी. आली. खाली उतरून पाया पडली, उठताना हळूच काही म्हणाली. परत कधी येती, हे मी इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई.
येताना कडीवर कुणी न्हाई. फ्यूज बराबर.
म्हातारी दोनदा इचारून गेली, पोरगी काय म्हणाली. तिला सांगितलं न्हाई. इथंबी लिहिणार न्हाई. बस.