वरच्या टोकाचा मुरूम

शनिवार, दिवेलागण

वाहून गेलेली माती कुणाची? जिथून गेली त्याची, की जिथं साचली त्याची? मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर, तरी नाही.

दुपारच्या पावसानं आमच्या पट्टीच्या वरच्या टोकाला पांढरा मुरूम उघडा पडला. उन्हाळ्यात नांगरलेल्या रानातली भुसभुशीत माती आधी वाऱ्यानं नेली, उरलेली आज पाण्यानं. ती खालच्या सत्तारचाचांच्या रानात जाऊन बसलीय, काळी, मऊ. चाचा बांधावरून हसले, "बेटी, तुझ्या बापाची माती माझ्याकडं नांदायला आली. आता माहेरी न्हाय धाडायचो!"

मलाही हसू आलं. मग पुन्हा तो मुरूम दिसला.

उताराला आडवं नांगरलं तर पाणी नांगराच्या तासातासात अडतं. हे अण्णांना दरसाल सांगते, आजही सांगितलं. ते म्हणाले, "टॅक्टर आडवा वळंल कुठं? घरापरीस अरुंद रान हाय." खरंच आहे. अण्णांसह चारही भावांना वरचं-खालचं सारखं मिळावं म्हणून आजोबांनी उभ्या चिरफळ्या केल्या. न्याय केला, आणि पाण्याला वाट करून दिली. आता कुणाला दोष देऊ? चार भाऊ बांध मोडून एक होतील, असं मला आता वाटत नाही.

मुरूम उघडा पडलाय तिथं तूर पेरायची होती. अण्णांना न विचारता मी ओढ्याकाठचं, मुळांनी माती धरून ठेवणारं मारवेल गवत उपटून आणलं आणि त्या मुरमावर आडव्या ओळींत लावून आले. त्या टोकाला आता पीक नाही.