लोणचं वाढलं

ठाणे, भाद्रपद वद्य षष्ठी

हिने घातलेलं शेवटचं लोणचं. ही पौषात गेली. बरणीच्या तळाशी थोड्या फोडी उरल्यात, त्यांवर पांढरा बुरा आलाय. दोनदा हुंगून पाहिलं. वास चांगला आहे. पण गावात पटकी आहे, आणि घरात चिमी. टाकावं का? घर सांभाळायला कल्याणहून आलेली आक्का रोज म्हणते, "अरे, टाकून दे." मी टाकू देत नाही.

आज कचेरीतून आलो तर चिमी दारातच म्हणाली, "बाबा, लोणचं वाढलं!" आमच्याकडे जिन्नस संपला म्हणत नाहीत, वाढला म्हणतात. माझं डोकंच फिरलं. आक्काला नाही नाही ते बोललो.

ती पाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "अरे, तुझ्या पानात वाढलंय. एका फोडीवरचा बुरा काढला. काल मी आधी खाऊन पाहिलं, मला काही झालं नाही."

हात धुऊन पाटावर बसलो.

जेवलो, पण त्या फोडीला हात लावला नाही. खाल्ली की गेली. पानातली फोड बरणीत परत घालता येत नाही. वाटीखाली झाकून ठेवली आहे, आणि मघापासून तीच हुंगतो आहे.