आर्वी ते पुलगाव, सकाळी अकरा

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सहाला उठलो. दूध आणलं. अंघोळ, पूजा. कालची खिचडी गरम करून खाल्ली, कारण रविवारी पार्वती स्वयंपाकाला येत नाही. दहा वाजता कांताची खोली उघडली. नोव्हेंबरात ती गेली, त्यानंतर पहिल्यांदाच.

सगळीकडे धूळ. मधोमध नऊ फुटांचं टेबल, त्यावर तिची छोटी रेल्वे. तिचे वडील आर्वीला स्टेशन मास्तर होते, पुलगाव-आर्वीच्या नॅरोगेजवर. तीच लाईन तिने इथे झाशीत मांडली. या टोकाला आर्वी, त्या टोकाला पुलगाव. दोन रुळांत अंतर नऊ मिलिमीटर. इंजिन माझ्या अंगठ्यापेक्षा थोडं मोठं. त्याची केबिन तिने पुठ्ठ्याची केली आहे, आत ड्रायव्हरही आहे. सहा वर्षं चाललं होतं हे. मी ऑफिसात असायचो.

आर्वीकडचा स्विच लावला, गोल बटण फिरवलं. इंजिन निघालं! स्टेशन सोडलं, बाभळीच्या झाडापर्यंत गेलं आणि थांबलं. बोटाने पुढे ढकललं. तरी नाही. पाच वेळा केलं. पाचही वेळा तिथेच.

लेकीने, कश्मिराने, सगळं ठरवून टाकलं आहे. नागपूरचे इंद्रजीत म्हणून कोणी आहेत, कांताच्या रेल्वेवाल्या ग्रुपमधले. ते टेम्पो घेऊन येणार आणि सगळं उचलून नेणार. पण चालू करून ठेवा म्हणाले, सुटं केल्यावर दोष सापडत नाही. गाडी चालली की ते येणार, ते येऊन गेले की मी पुण्याला, तिच्याकडे. कायमचा. मी हो म्हणालो आहे.

१० फेब्रुवारी

आज सहा वेळा. बाभळीपाशीच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

इंद्रजीतना फोन केला. मला काका म्हणतात, तिला कांताताई म्हणायचे. म्हणाले, शंभरात नव्वद वेळा मळ असतो. रूळ पुसा, चाकं पुसा, स्पिरिटने. मेडिकलमधून स्पिरिट आणलं. देवाच्या वातींचा कापूस होता, त्याने पुसलं. रूळ काळे होते खरे. कापूस काळा झाला की बरं वाटायचं — काहीतरी निघतंय.

चाकंही पुसली. इंजिन उलटं धरून, चष्मा लावून.

१३ फेब्रुवारी

आता इंजिन जागचं हलत नाही. काल निदान बाभळीपर्यंत जात होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

इंद्रजीतना विचारलं. काका, कापूस? म्हणाले. कापसाचे तंतू आसांभोवती गुंडाळले जातात म्हणे. सुती फडकं घ्यायचं असतं. मग मी सांगितलं की रुळांवर बारीक सँडपेपरही फिरवला. कोणत्या नंबरचा, त्यांनी विचारलं.  मग म्हणाले, "असू द्या. आता मात्र काही घासू नका." सँडपेपरने चरे पडतात आणि चऱ्यांत मळ जास्त बसतो. हे मला कसं कळणार?

मोटरमध्ये तेल एक थेंब घालायचं होतं. मी शिलाई मशीनचं तेल घातलं, बरंच. तेही सांगायचं होतं, पण सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ओरछा गेटजवळ विजेच्या सामानाचं दुकान आहे. तिथून टेस्टिंगचा छोटा बल्ब आणला. दुकानदार ओळखतो. म्हणाला, "अरे भाईसाब, आप तो ट्रान्सफॉर्मर बनाते थे!" मी म्हणालो, मी डिस्पॅचला होतो. बनवत नव्हतो, पाठवत होतो. त्याला तो विनोद वाटला. पस्तीस वर्षं मी कागद, ताडपत्री आणि ट्रेलर पाहिले. आत काय असतं हे विचारायची वेळच आली नाही.

बल्ब रुळांना लावला. बाभळीच्या अलीकडे लागतो, पलीकडे लागत नाही. म्हणजे पलीकडे वीज जात नाही. एवढं कळलं. का जात नाही ते कळत नाही. टेबलाखाली शिरलो तर सगळ्या वायरी हिरव्या! एकच मोठं भेंडोळं आणलं असणार तिने. कोणती कुठे जाते हे तिला डोळे मिटून माहीत असेल.

पुलगावच्या टोकाला दाराच्या घंटीसारखं बटण आहे. स्विच बंद करून पलीकडे गेलो. कंपनीच्या प्रत्येक भिंतीवर लिहिलेलं असायचं, आधी वीज बंद करा, मग हात लावा. ते अंगात भिनलं आहे. बटण दाबलं. घंटी वाजली नाही. तीही बिघडलेली दिसते. इंद्रजीतना सांगायच्या यादीत लिहून ठेवलं.

२५ फेब्रुवारी

गुडघे दुखतात. टेबलाखाली जाणं बंद.

ती मला म्हणायची, अहो, या की कधी बघायला. मी म्हणायचो, रविवारी. रविवारी मी पेपर वाचायचो, झोपायचो. तीही पुन्हा म्हणायची नाही. दिवसभर या खोलीत एकटी. निवृत्त झालो ३१ ऑक्टोबरला. ती गेली १९ नोव्हेंबरला, त्यातले अकरा दिवस हॉस्पिटलात. उरलेल्या आठ दिवसांत मी काय करत होतो ते आठवतच नाही. पेन्शनचे कागद, बहुतेक.

३ मार्च, सोमवार

व्हिडिओ कॉलवर इंद्रजीतनी इंजिन उघडायला लावलं. चार स्क्रू. सुईने तंतू काढले, एक एक. जास्तीचं तेल टिपलं. तेही शेवटी सांगावंच लागलं. दोन तास गेले. ड्रायव्हर निघून हातात आला, तो फेविकॉलने बसवला. किंचित वाकडा बसला आहे.

चाललं! बाभळीपर्यंत. तिथे थांबलं.

म्हणजे इंजिनात पहिल्यापासून काही दोष नव्हताच. मग आम्ही दुरुस्त काय केलं?

४ मार्च, मंगळवार

पार्वती सकाळी पोळ्या करून भांडी घासायला बसते. कांता आजारी पडायच्या आधीपासून, आठ वर्षं येते आहे. बुंदेली बोलते. माझं आणि तिचं बोलणं चहा, भाजी, उद्या येणार का, एवढंच.

आज खोली पुसायला आली तेव्हा मी इंजिनाकडे बघत बसलो होतो. फडकं हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "बाबूजी, जा एक जने सें नईं चलत."

हे एकट्याने होत नाही, असं काहीतरी. मला वाटलं, ती जड सामान उचलण्याबद्दल बोलते आहे. मी म्हणालो, काही उचलायचं नाही.

तिने फडकं बादलीत टाकलं, हात पदराला पुसले. पुलगावच्या टोकाला गेली, खुर्ची ओढली आणि बसली. विचार न करता, जशी रोजच्या जागी. म्हणाली, "बाईजी उतै सें चलाउत तीं. हम इतै बटन दाबें रत ते. चलाओ."

म्हणजे कांता माझ्या टोकाला, ही बटणावर. मी चालवलं. इंजिन स्टेशनातून निघालं, बाभळीपाशी आलं — आणि गेलं! पुलावरून, वळणावरून, थेट पार्वतीच्या पुढ्यात. तिने बटण सोडलं. इंजिन तिच्या स्टेशनात उभं.

दोष नव्हता. कांताने तसंच केलं होतं. तिच्या वडिलांच्या लाईनवर पुढच्या स्टेशनने लाईन क्लियर दिल्याशिवाय गाडी सुटत नसे. तसंच इथे. पुलगावने बटण दाबून धरलं तरच बाभळीच्या पुढे वीज. मी तेच बटण दाबलं होतं, पण आधी वीज बंद करून. म्हणून काही झालं नाही!

पार्वतीला विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाली, "आपने पूछो कब?"

५ मार्च

रात्रभर नीट झोप नाही.

रोज अकरा वाजता. सहा वर्षं, रविवार सोडून. पार्वती म्हणते, बाईजी आणि ती दोन फेऱ्या करायच्या, मग चहा. एकदा गाडी रुळावरून उतरली तेव्हा बाईजी इतक्या हसल्या की खुर्चीवरून घसरल्या. मी कांताला इतकं हसताना पाहिल्याचं आठवत नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली.

तीन महिने मी मनात एकच धरून बसलो होतो — ती एकटी होती, मी तिला एकटं ठेवलं. आता ती एकटी नव्हती हे कळलं. बरं वाटायला हवं. वाटतंय का? कळत नाही. काहीतरी उलटंच होतंय. पार्वतीकडे नीट बघता येत नाही.

७ मार्च

अकरा वाजता पार्वतीने स्वतःच खोलीत डोकावून विचारलं, चलाने है? मी हो म्हणालो.

८ मार्च, शनिवार

पुलगावचे नियम कडक आहेत. पार्वतीची डाळ शिजेपर्यंत लाईन क्लियर नाही. मी गाडी जोरात सोडली तर बटण सोडते, गाडी मध्येच थांबते. मग मी हळू चालवतो. "बाईजी ऐसें नईं भगाउत तीं." आज दोन डबे वळणावर उलटले. तिने उठून आधी रुळाच्या जोडावर नख फिरवलं. जोड वर आला होता. उन्हाने रूळ वाढतात, मार्चपासून रोज बघावं लागतं, हे तिनेच सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं.

इंद्रजीतचा फोन आला होता. उचलला नाही. नंतर करू.

१४ मार्च, शुक्रवार

होळी. इकडे ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथे लोक येऊन चिमूटभर गुलाल लावतात, थोडा वेळ बसतात. शेजारचे पाच-सहा जण आले. कोणी फार बोललं नाही. मला ते आवडलं. पार्वती सुट्टी असूनही संध्याकाळी आली, कपाळाला गुलाल लावला, गुजिया, म्हणजे आपल्या करंज्या, ठेवून गेली. खोलीत गेलो तर पुलगाव स्टेशनच्या छपरावरही चिमूटभर गुलाल!

१८ मार्च, मंगळवार

आज पहिली फेरी झाल्यावर विचारलंच. बाईजी माझ्याबद्दल काही म्हणायच्या का?

पार्वतीने बटणावरचं बोट काढलं नाही. म्हणाली, "कत तीं, बाबूजी रिटायर हो जाएँ, फिर पारबती तुमाई छुट्टी. जा कुर्सी उनकी."

मग चेष्टेने, "हमाई छुट्टी तो भई नईं."

मी दुसरी फेरी चालवली नाही.  तिने चहा टाकला.

म्हणजे तिने त्या टोकाची जागा माझ्यासाठी धरली होती? की पार्वतीला कंटाळा येऊ नये म्हणून नुसतंच म्हणायची? विचारायला आता कोणीच नाही. पार्वतीलाही तेवढंच माहीत.

२२ मार्च, शनिवार

कश्मिराचा फोन. तिचं मराठी आता अर्धं हिंदीच. "बाबा, मैंने टिकट देख लिया है. सहा एप्रिलचं मिळतंय. इंद्रजीत अंकल पाच तारखेला येऊ शकतात. ट्रेन चालली की मला लगेच सांगा, प्लीज. तुम्ही तिथे एकटे आहात, मला झोप लागत नाही." खरंच काळजी करते. आईवर गेली आहे, सगळं ठरवून मग सांगते. माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे, खिडकीकडची. नातवाला विचारलंय म्हणे, आजोबांना कोणता रंग आवडेल.

मी म्हणालो, बघतो.

लेकीशी मी कधी खोटं बोललो नाही. बघतो हे खोटं आहे का?

२६ मार्च

तीन फेऱ्या. एकही डबा उतरला नाही. पार्वती म्हणाली, आता जमायला लागलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. यंदा गुढी नाही. पार्वतीची सुट्टी. अकरा वाजता खोलीत जाऊन बसलो. स्विच लावला नाही. आर्वीच्या फलाटावर धूळ होती ती ब्रशने झाडली.

३१ मार्च, सोमवार

सकाळी कश्मिराचा फोन. विचारलं, बाबा, ट्रेन चालली?

नाही म्हणालो. दोष सापडत नाही. वेळ लागेल.

इंद्रजीतनाही तेच कळवलं.

मग दहा किलो गहू निवडले आणि चक्कीवर टाकून आलो.