हुकमाने खाल्लेली पेज

बाबा, पेजेचा चमचा तिच्या ओठांना टेकवून मी थांबले होते. नव्वदीची कोरियन बाई, दात घट्ट मिटलेले, नजर भिंतीकडे. इकडे परदेशात, टूनगॅबीजवळच्या या एज्ड केअर वृद्धाश्रमात मी नऊ वर्षं म्हाताऱ्या माणसांना भरवते आहे, न जेवणारी माणसं मला नवीन नाहीत. इंग्रजी ती केव्हाच विसरली, आणि महिनाभर मुलीच्या कोरियनलाही उत्तर देत नव्हती. त्या दुपारी ती काहीतरी पुटपुटली आणि ते मला कळलं, कारण ते जपानी होतं, तुम्ही घरी शिकवायचात ते. "गुरुजी, मी बाहेर जाऊ?" असं ती विचारत होती. मला आनंद झाला. मी जपानीत म्हणाले, थोडं जेवून घ्या. ती हलली नाही. मग मी तुमचा आवाज काढला, आपल्या पुढच्या खोलीत फळ्यापाशी उभं राहून तुम्ही विद्यार्थ्यांवर टाकायचात तो, आणि एवढंच म्हणाले, जेव. ती खुर्चीत ताठ झाली. हात मांडीवर जुळवले, "हाइ", म्हणजे "हो जी", म्हणाली आणि तोंड उघडलं. सगळी वाटी संपली. शेजारच्या टेबलावरची पंजाबी सहकारी म्हणाली, "क्या बोल दिया तूने? मेरे वाले को भी बोल ना." मी हसले. तेवढ्यात बाईंनी मान खाली घालून आपलं नाव सांगितलं. ते फाइलमधलं नव्हतं. जपानी नाव होतं.

रविवारी तिची मुलगी आली, तेव्हा मी हे खुशखबर सांगावी तसं सांगितलं. मुलगीही पासष्टीची आहे. ती बराच वेळ आईच्या पायावरची शाल नीट करत राहिली. मग म्हणाली, "माझ्यासमोर आईने त्या भाषेतला एक शब्द कधी काढला नाही. जपानचं राज्य होतं तेव्हा शाळेत कोरियन बोललं की छडी मिळायची. नावंसुद्धा बदलून दिली होती. एवढंच सांगितलंय तिने, तेही एकदा." माझ्याकडे वळून म्हणाली, "ते नाव मला सांगू नका. आणि तिच्याशी जपानी बोलू नका, प्लीज." मी म्हणाले, नो वरीज. इथे दिवसातून पन्नास वेळा म्हणतो आम्ही ते. त्या दिवशी स्वतःच्या कानाला कसंतरीच लागलं.

तुम्हाला ती दिवाळी आठवत असेल. चाकणच्या कारखान्यात काम करणारा तुमचा विद्यार्थी त्याच्या कोरियन साहेबांना फराळाला घेऊन येतो. सत्तरीचे गृहस्थ, सल्लागार म्हणून आलेले. तुम्ही कमरेत वाकून जपानीत स्वागत करता. ते इंग्रजीत म्हणतात, मी कोरियन आहे. तुम्ही हसून म्हणता, "हो, पण तुमच्या वयाच्या लोकांना जपानी उत्तम येतं ना?" ते चकलीची बशी खाली ठेवतात आणि उठतात. मी तेव्हा चौदा वर्षांची. ते गेल्यावर मी म्हणाले, बाबा, त्यांना लागलं असेल. तुम्ही म्हणालात, "भाषेवर राग धरणारी माणसं अडाणी. तू पाढा म्हण क्रियापदांचा." मी म्हटला. जपान तुम्ही पाहिला नव्हता, तिथल्या माणसांच्या नीटनेटकेपणाच्या गोष्टी मात्र आम्हाला रोज सांगायचात. त्या गृहस्थांना तुम्ही पुढेही उद्धटच म्हणत राहिलात. ते उद्धट नव्हते, बाबा. हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

मी तीन दिवस शब्द पाळला. बाई तीन दिवस काही खाईनात. मुलगी रोज पेज घेऊन येत होती, आईजवळ बसून लहानपणीच्या नावांनी हाका मारत होती, आणि भरलेला डबा परत नेत होती. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आठवडा, फार तर दहा दिवस. चौथ्या दुपारी, मुलगी गेल्यावर, मी दार लोटून घेतलं आणि तो हुकूम दिला. बाई ताठ झाल्या आणि जेवल्या. प्रत्येक घासानंतर माझ्याकडे बघायच्या, बरोबर केलं ना म्हणून. आयुष्यभर जे त्यांनी तोंडातून बाहेर येऊ दिलं नव्हतं, त्याच्यावर मी त्यांना जगवत होते. हे मला कळत होतं. आणि तरी, कुणाला सांगणार नाही ते तुम्हाला सांगते, मला बरं वाटत होतं. तुम्ही शिकवलेलं जपानी माझ्याकडून पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं.

संध्याकाळी मी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "किती खाल्लं?" मी म्हणाले, सगळं. तिने फोन ठेवला.

हे पत्र वहीतच राहील. तुम्ही असतात तरी पाठवलं असतं की नाही, माहीत नाही.

फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. तिने डबा माझ्या हातात दिला, आईच्या कपाळाला हात लावला, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.